हिकरी गॅपची शुक्रवारची सरासरी

८ जानेवारी, सोमवार. सकाळ.
बातमी पक्की आहे. शिक्षणखात्याच्या मिसेस डॅक्रेस यांनी स्वतः फोनवर सांगितलं. यंदापासून चौथीला नवी परीक्षा. मे महिन्यात, साऱ्या जमैकात एकाच दिवशी, एकच पेपर, तपासणी यंत्रावर. ज्या लहान शाळेची सरासरी साठच्या खाली जाईल ती सप्टेंबरपासून बंद, आणि तिची मुलं खाली टाउनच्या मोठ्या शाळेत. आसपासचे हेडमास्तर हबकलेत म्हणे. मला उलट बरं वाटलं. आमच्या हिकरी गॅपच्या शाळेला शिस्तीचीच गरज होती, आता सरकारही माझ्या बाजूने आहे.
संकल्प: मेपर्यंत दर आठवड्याला सराव परीक्षा. अगदी खऱ्यासारखी. घड्याळ लावून, पेन्सिलीने गोळे भरून काळे करायच्या उत्तरपत्रिकेवर, कुणी कुणाशी बोलायचं नाही.
दुसरा संकल्प: रोज पहाटे चालणे. उद्यापासून.

९ जानेवारी, मंगळवार.
धुकं होतं. चाललो नाही.
स्टाफ मीटिंग. (स्टाफ म्हणजे मी, चौथीच्या मिस पिनक आणि खालच्या वर्गांच्या दोघी.) सरावासाठी शुक्रवार ठरवला. मिस पिनक म्हणाल्या, सर, शुक्रवारी अर्धा वर्ग बाजारात असतो, तुम्ही इथलेच, तुम्हाला मी सांगायचं का? खरं आहे. गुरुवारी कोनफळं, अळकुड्या काढून ट्रक भरायचा, शुक्रवारी बायका माल घेऊन खाली उतरणार, आणि पाट्या उचलायला मुलं सोबत. मीही लहानपणी गेलोय. म्हणूनच तर शुक्रवार. परीक्षा म्हटल्यावर मुलं बाजार सोडून येतील. दोन्ही दुखण्यांवर एकच औषध.
मिस पिनक 'हं' म्हणाल्या. त्यांचं 'हं' मी मनाला लावून घेत नाही.

१२ जानेवारी, शुक्रवार.
पहिला सराव. हजर अर्धा वर्ग. सरासरी बाहत्तर. पहिल्याच फटक्यात.
मिस पिनक म्हणाल्या, आलेत ते कोण बघा. पोस्टातल्या बाईंचे दोघे, दुकानवाल्याचे तिघे, पाद्रीसाहेबांच्या मुली. त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. ज्यांच्यासाठी हा खटाटोप ते तिकडे कोनफळं विकतायत. मी म्हणालो, चांगल्या कामाला नजर लावू नका.
उत्तरपत्रिका बऱ्याच उरल्या. झेरॉक्स टाउनहून आणावी लागते. यापुढे येतील तेवढ्यांपुरत्याच काढायच्या. काटकसर हीही शिस्तच.

१९ जानेवारी, शुक्रवार.
हजेरी आणखी कमी. सरासरी चौऱ्याहत्तर. म्हणजे आजवर गर्दीच आडवी येत होती.

२४ जानेवारी, बुधवार.
पालकसंपर्क. मिस इसिल्डांकडे गेलो. त्यांची नात शँटोया चौथीत आहे, शुक्रवारी कधी दिसत नाही. मिस इसिल्डा अंगणात निरफणस भाजत होत्या. परीक्षेचं महत्त्व सविस्तर सांगितलं. शाळा बंद होऊ शकते हेही सांगितलं. त्या निखारे सारत म्हणाल्या, टीचर, माझे गुडघे गेलेत, कंबर जायच्या वाटेवर आहे. शुक्रवारी तुम्ही येता का पाट्या चढवायला? मग न्या पोरीला. आणि गुरुवारी घ्या की परीक्षा, गुरुवारचं काय वाकडं आहे?
निरफणस वाढला. खाल्ला. आणखी वाढला. एकूण चर्चा फलदायी.

१ फेब्रुवारी, गुरुवार.
पालकांच्या सूचनेचा मान ठेवून सराव आज घेतला. झाडून सगळी मुलं हजर. उत्तरपत्रिका पुरल्या नाहीत. बाजारवाल्या मुलांनी वहीत उत्तरं लिहिली, म्हणजे फळ्यावरची अ, ब, क, ड उतरवून बरोबर अक्षराभोवती कडं केलं.
सरासरी एक्केचाळीस.
संध्याकाळभर विचार केला. निष्कर्ष: गुरुवार परीक्षेला मानवत नाही. दुपारचं जेवणही जड होतं. पुढच्या आठवड्यापासून पुन्हा शुक्रवार.
मिस पिनक म्हणाल्या, त्या मुलांना एकदा तरी खरी उत्तरपत्रिका हातात द्या, गोळा भरायचा म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नाही. म्हटलं, देऊ. त्या म्हणाल्या, कधी? म्हटलं, टाउनला गेलो की.

८ मार्च, शुक्रवार.
सरासरी अठ्ठ्याहत्तर. मिसेस डॅक्रेसना फोन करून कळवलं. त्या म्हणाल्या, टलक सर, डोंगरावरच्या शाळेकडून अशी अपेक्षा नव्हती. मी विनयाने पद्धत समजावून सांगितली. जाता जाता सुचवलं की मुख्य परीक्षाही देशभर शुक्रवारी घ्यावी. त्या हसल्या. मीही हसलो. विचार होणार असं दिसतं.

१२ एप्रिल, शुक्रवार.
त्र्याऐंशी. आता चिंता नाही.
मिस पिनक गेले दोन महिने जेवणाच्या सुट्टीत बाजारवाल्या मुलांना व्हरांड्यात घेऊन बसतात. म्हणाल्या, शँटोया भागाकारात आता पाद्रीसाहेबांच्या मुलींना ऐकत नाही, येऊन बघा. कौतुक केलं. पण हा उपक्रम कार्यक्रमात नाही, त्याची सरासरीही निघत नाही. त्यांनी पुन्हा उत्तरपत्रिका मागितल्या. टाउनला जायचं राहून गेलंय. पहाटे चालायचंही.

१३ मे, सोमवार.
उद्या परीक्षा. चौथीला शेवटच्या सूचना दिल्या. उद्या वर्गात कुणी बोललं, खुणा केल्या, कुणाला काही सांगितलं, तर अख्ख्या शाळेचा पेपर रद्द होईल. हा नियम सगळ्यांना लागू, मलासुद्धा. मुलं खूप गंभीर झाली. प्रभाव पडला.

१४ मे, मंगळवार. दुपार.
सगळी आली. एकूण एक. शँटोयाच्या वेणीला पांढऱ्या रिबिनी. मिस इसिल्डा स्वतः फाटकापर्यंत सोडायला आल्या होत्या. परीक्षेला इतका भरलेला वर्ग त्या एका गुरुवारनंतर आजच पाहिला.
पर्यवेक्षक बाई टाउनहून आलेल्या. सूचना एकदाच वाचल्या, भरभर, टाउनच्या इंग्रजीत. शुक्रवारवाल्या मुलांनी पेन्सिली उचलल्या. बाकीच्यांनी शेजाऱ्याकडे पाहिलं, मग माझी कालची ताकीद आठवली असावी, माना खाली घातल्या.
मी मागच्या दारात उभा होतो. तिथून शँटोयाचा कागद दिसत होता. पहिलं उत्तर बरोबर. तिने त्या गोळ्याभोवती एक सुबक कडं काढलं. गोळा रिकामा. दुसरं बरोबर. कडं. तिसरं. तिच्या पुढचा मुलगा, त्याच्या शेजारची, खिडकीकडची सगळी रांग, सगळीकडे कडी.
खोकलो. पर्यवेक्षक बाईंनी पाणी दिलं. पुन्हा खोकलो. त्या म्हणाल्या, सर, मुलांना त्रास होतोय, तुम्ही बाहेर बसा.
बाहेर मिस पिनक होत्या. त्यांनी विचारलं, कसं चाललंय? मी म्हणालो, शँटोयाला सगळं येतंय. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढचं सांगता आलं नाही. पेपर संपेपर्यंत आम्ही दोघं बाकावर बसलो होतो. त्या आनंदात होत्या.

१५ मे, बुधवार.
मिस पिनकना कड्यांचं सांगितलं. त्यांनी 'हं'सुद्धा म्हटलं नाही.

२७ जून, गुरुवार.
निकाल. छत्तीस. मिसेस डॅक्रेसना फोन केला. म्हटलं, मुलांना येत होतं, मी डोळ्यांनी पाहिलंय, कागद हाताने तपासा. त्या चांगल्या बाई आहेत. म्हणाल्या, सर, यंत्राला अर्ध्या वर्गाचे कागद कोरे दिसले. एका शाळेचे हाताने तपासले तर सगळ्यांचे तपासावे लागतील. मग विचारलं, सरावात एवढी छान सरासरी होती, त्याचं काय झालं? मी म्हणालो, ती शुक्रवारची होती. त्यांना कळलं नाही. कळावं म्हणून तीन वेळा सांगितलं. तिसऱ्या वेळी माझं मलाच ऐकू आलं.

१९ जुलै, शुक्रवार.
शाळा बंद झाल्याचं पक्कं. माझी बदली टाउनच्या मोठ्या शाळेत. हेडमास्तर नव्हे, चौथीचा शिक्षक. मिस पिनकही तिथेच, पाचवीला. त्या मला आता 'सर' म्हणत नाहीत, 'मिस्टर टलक' म्हणतात. पालकांना कसं सांगावं याचं भाषण तयार करत होतो. दुकानवाला म्हणाला, कशाला त्रास घेता, टाउनच्या शाळेच्या गणवेशाचं कापड माझ्याकडे कधीच संपलं.

१ सप्टेंबर, रविवार. चर्चनंतर.
मिस इसिल्डा फाटकात भेटल्या. मी माफी मागायला सुरुवात केली. त्यांनी हाताने थांबवलं. म्हणाल्या, ते राहू द्या. पोरगी एवढ्या लांब कधी एकटी गेलेली नाही. तुम्ही त्याच गाडीने जाणार ना? मी हो म्हणालो. म्हणाल्या, घाटात तिला मळमळतं, खिडकीपाशी बसवा. आणि टीचर, रस्ता ओलांडताना तिचा हात धरा, विसराल नाहीतर.
उद्या सहाला चौकात व्हॅन येणार आहे. आधी शँटोयाला बसवायचं, मग मी.