चित्रातली आजी दमत नाही

सोमवार, ३ नोव्हेंबर

आज जिन्याच्या चार पायऱ्या सहा वेळा चढले, नातीसाठी. स्पृहा कर्वेनगरला अॅनिमेशन शिकते. परीक्षेची फिल्म काय, तर आजी भाजी घेऊन तीन मजले चढते – संपलं! एका सेकंदाला बारा चित्रं काढते. चार पायऱ्यांपुरती मी तरुणच आहे, म्हणून तेवढ्याच दाखवल्या.

दुसऱ्या मजल्यावर छाती दाटते, थांबावं लागतं, ते दाखवलं नाही. घरात विचारलं की गुडघा म्हणते. गुडघ्याला कुणी घाबरत नाही. छाती म्हटलं की मुलगा, संभाजी, मला खाली उतरू देणार नाही. खाली माझी मैत्रीण मुक्ताई बसते, आणि तिच्याकडे अख्ख्या विश्रांतवाडीच्या बातम्या.

हे फोनात बोलते आहे, तो लिहितो. मला वाचता येत नाही, तेव्हा त्याने काही पदरचं घातलं तर घालो.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

मटकीला मोड आले नाहीत. बाकी ठीक.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

स्पृहाच्या रुपाली मॅडमनी फिल्म परत पाठवली. "हलतंय सगळं, पण जीव नाही." सोमवारपर्यंत सुधार, नाहीतर नापास. स्पृहा जेवली नाही.

म्हटलं, "अगं, अॅनिमेशन म्हणजे असतं तरी काय?"

"लॅटिनमध्ये अनिमा म्हणजे श्वास, जीव. त्यावरून जीव घालणं. आपल्या प्राणाचं आणि त्याचं मूळ एकच, आजी."

म्हणजे चुलत भावंडं. एक तिकडे गेलं, एक इकडे राहिलं, धंदा तोच.

मग फिल्म पाहिली. बाई चढते, चढते, दमतच नाही. सून तेजस्विनी म्हणाली, "आई, छान चालताय की!" काय कमी आहे ते मला कळलं. पोर डोळे पुसत होती आणि मी मटकी निवडत बसले.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

देवापुढे बसले. विचारलं काहीच नाही. उत्तर ठाऊक होतं, ते त्याच्या तोंडून नको होतं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

स्पृहाला म्हटलं, "वही घे. आज पूर्ण जिना. आज मी नटणार नाही."

दुसऱ्या मजल्यावर कठडा धरला. हात आपोआप छातीवर गेला. खांदे वर, खाली, वर.

"आजी, गुडघा?"

"आधी काढ, मग विचार."

तिची पेन्सिल हलेना. म्हटलं, "काढ गं, बाईला ताटकळत ठेवू नये."

मंगळवार, ११ नोव्हेंबर

पास! मॅडम म्हणाल्या म्हणे, "आता जीव आहे." मास्तरणीच्या तोंडून एवढं काढणं सोपं नाही.

संध्याकाळी घरात लावली. चित्रातली मी दुसऱ्या मजल्यावर थांबते, श्वास घेते, आणि फिल्म तिथेच संपते. तेजस्विनी हसत होती, ती थांबली. संभाजीने पुन्हा लावली. मग विचारलं, "आई, हे कधीपासून?"

म्हटलं, "गणपतीपासून."

रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

संभाजीने डॉक्टरकडे नेलं. हृदयाची झडप नीट उघडत नाही म्हणे. उद्या दवाखान्यात भरती. स्पृहाला विचारलं, त्या बाईला अर्ध्या जिन्यातच का ठेवलीस? म्हणाली, "उरलेल्या पायऱ्या तू चढशील तेव्हा, बघून काढायच्यात."