इतिवृत्तातला चुकलेला काप

पाटोदा

प्रिय शिवकन्या,

हे फोनवर सांगायला गेलो असतो तर माझा आवाज कापला असता आणि पुढचं तू ऐकलंच नसतंस. म्हणून पत्र.

इकडे विहिरी कोरड्या. दूध संस्थेने चारा छावणी उघडली आहे. मी तिचा मानद सचिव, कारण सभेत न घोरणारा दुसरा कुणी सापडला नाही. एम.एस्सी.ला असताना तू मला आरएनए शिकवलास, आठवतं? पेशीच्या केंद्रकात डीएनएची पहिली नक्कल निघते ती कच्ची. मधले बिनकामाचे तुकडे कापायचे, कामाचे जोडायचे, डोक्यावर टोपी, मागे लांब शेपूट, मगच ती बाहेर पडते आणि तिच्यावरून प्रथिन बनतं. मी म्हणालो, बाई, हे तर आमच्या सभेचं इतिवृत्त! सभासद राधाकिशनच्या शिव्या वगळायच्या, ठराव जोडायचे, वर शिक्का, खाली सह्यांची रांग, मग कागद तहसीलला. किती हसलीस तू.

परवा माझा काप चुकला. शिव्यांच्या दोन ओळी ठरावातच राहिल्या, कागद परत आला, जनावरं दोन दिवस चाऱ्याविना उभी. त्यांच्याकडे बघताना मला माझा दुसरा, जुना चुकलेला काप आठवला.

गेल्या चैत्रात संस्थेच्या शिबिरात माझं आणि तुझ्या सत्यभामाआत्याचं रक्त तपासलं. पुढच्या तपासणीत दोघांतही थॅलेसेमियाचा एकच दोष निघाला. डॉक्टर म्हणाले, त्या नकलेत काप भलत्या जागी पडतो, नको तो तुकडा आत राहतो. तुमच्या दोन जनुकांपैकी एकच बिघडलंय, तुम्हाला त्रास नाही. पण मुलांचं रक्त लग्नाआधी तपासा. तुझं लग्न तेरा दिवसांवर होतं, तेही आत्याच्याच बंकटशी. मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क. आपल्यात कोण विचारतं? आत्या म्हणाली, "दादा, कावून भितूस? आपण दोघं ठणठणीत हाय की!" मला तेवढंच ऐकायचं होतं. अहवाल फायलीत गेला. जन्मभर नको ते वगळणाऱ्याने हवं तेच वगळलं.

काल आत्याने सांगितलं, तुला दुसरा महिना आहे. पोरी, तू आणि बंकट दोघांनी लगेच रक्त तपासा. दोघांतही दोष निघाला तर चारात एक भीती, की बाळ दर महिन्याला दुसऱ्याच्या रक्तावर जगेल. अजून पोटातल्या बाळाची तपासणी होऊ शकते. अहवाल सोबत आहे, अक्षरही न कापलेला. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पण आजच जा.

तुझाच, भ्यालेला
आप्पा