पांढऱ्या रेघेचा वारस

मी, खाली सही करणारा, गाड्यांचे स्टिअरिंग दुरुस्त करणारा गॅरेजवाला, पूर्ण शुद्धीवर व स्थिरचित्त असून, कोणाच्याही दडपणाविना ही व्यवस्था लिहून ठेवतो. डॉक्टरांना माझ्या हृदयाबद्दल शंका आहे. बुद्धीबद्दलची शंका धाकट्या बंधूंपुरती मर्यादित आहे.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक पत्नीस. घराची किल्ली तिने बंधूंकडे ठेवायला देऊ नये. किल्ली ते सांभाळतील, कुलूप पिळून मोडतील.

२. टॉर्कचा पाना, म्हणजे नेमका ताण आला की 'टक' करून थांबायला सांगणारा, पुतणीस. तिने एकदा विचारले होते, "काका, थांबायचं कधी, हे कसं कळतं?" तिच्या तीर्थरूपांना हा प्रश्न आजवर पडलेला नाही. काम झाल्यावर पाना सर्वांत सैल खुणेवर आणून ठेवावा. ताणलेला ठेवला की तो खोटे बोलू लागतो.

३. आमची रीत अशी : बोल्ट आधी नुसत्या हाताने बसवायचे, मग आळीपाळीने थोडेथोडे आवळायचे, शेवटी टॉर्कचा पाना. 'टक' झाले की त्यावर पांढऱ्या रंगाची रेघ. ती रेघ फक्त मी ओढत असे. समोरच्या शिलाईवाल्या बाईंच्या गाडीचे पॉवर स्टिअरिंग उतरवले होते, त्या दिवशी मी सुटे भाग आणायला गेलो होतो. बंधूंनी साध्या पान्याला लांब पाइप लावून यथाशक्ति बोल्ट आवळले आणि वर माझी रेघ ओढली. अति आवळलेला बोल्ट बाहेरून घट्टच वाटतो. आतून ताणला जातो आणि एखाद्या वळणावर तुटतो. तसाच तुटला. गाडी भिंतीवर गेली. बाईंचे उजवे मनगट गेले, त्यासोबत शिलाईही.

लोक जमले तेव्हा बंधू म्हणाले, "रेघ दादाची आहे, दादालाच विचारा." घरी आल्यावर मला म्हणाले, "तुझं नाव मोठं आहे, तुझं खपून जाईल." आई म्हणाली, "तू थोरला आहेस. गिळ." गिळले. अद्याप पचलेले नाही. बाई तेव्हापासून आमच्या दारावरून मान फिरवून जातात.

४. गॅरेज बंधूंस, एका अटीवर. हे वाचले जाईल तेव्हा त्यांनी बाईंसमोर उभे राहून, ती रेघ कोणी ओढली, हे स्वतःच्या तोंडाने सांगावे. न सांगितल्यास गॅरेजही पुतणीस, आणि बंधूंस केवळ तुटलेला बोल्ट. तो माझ्या खणात तेलकट फडक्यात आहे. रेघ शाबूत आहे. रंग चांगल्यापैकी होता.

५. "बाईंना आता कशाला त्रास?" असे बंधू कळवळून म्हणतील. त्यांनी कळवळू नये. हा मजकूर मी बाईंना आजच वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "धाकट्यांना पाइप लावताना मी शिलाई मशीनवरून बघितलं होतं. तुम्हा दोघांत आधी कोण बोलतं, तेवढंच बघत होते." मग त्यांनी पेन मागितले.

ठिकाण : गॅरेजमागची खोली
दिनांक : १४ जुलै
सही : गॅरेजवाला

समक्ष साक्षीदार :
१. उपचार करणारे डॉक्टर (सही)
२. समोरच्या शिलाईवाल्या बाई (सही, डाव्या हाताने)