हनुवटी छातीला

प्रिय पंचशीला,

जयभीम, आणि तुझ्या म्हातारीचा आशीर्वाद. हे पत्र मी सांगते आहे आणि तुझी धाकटी बहीण सिंधु लिहिते आहे. मी 'लई' म्हणते, ती 'खूप' लिहिते. म्हटलं, बाई, मी बोलते तसं लिही, तर म्हणते, आज्जी, ताईच्या होस्टेलात सगळ्या मुली पत्र वाचतात, आपली अब्रू जाईल. तेव्हा माझ्या तोंडी शाळेतली भाषा दिसली तर दचकू नको, म्हातारी अजून तीच आहे. तुझा बाप रोजगार हमीवर गेलाय, तुझी आई टँकरच्या रांगेत घागरी लावून बसलीय. घरात आम्ही दोघीच. मी मुद्दाम ही वेळ धरली. का, ते सांगते, पण आधी थोडं इकडचं तिकडचं बोलू दे. भ्यालेलं माणूस एकदम मुद्द्यावर येत नसतं.

इकडं विहिरीनं तळ दाखवलाय. तळाला तुझ्या बापाची हरवलेली बादली सापडली, आठ वर्षांपूर्वीची, आणि ती तुझ्या आईनं कोणाला देऊन टाकली नव्हती हेही सिद्ध झालं. ती बादली आता तिनं दारात मांडून ठेवलीय, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी म्हणून. सिंधुला सुट्टी आहे, म्हणून तीही पाझर तलावाच्या कामावर मातीच्या पाट्या देते. परवा लातूरहून तुझ्या होणाऱ्या सासूचं, केवळाबाईचं, पत्र आलं. तिचा लेक नव्या जिल्ह्याच्या कचेरीत लागल्यापासून बाई स्वतःच कलेक्टर असल्यासारखी बोलते. आमचा लातूर जिल्हा झाला, आता रस्ते रुंद होणार, असं लिहिलंय. नळाला पंधरा दिवसांनी पाणी येतं, ते लिहिलेलं नाही. शेवटी विचारलंय, पोरीची तब्येत आता पक्की झाली ना? तेवढी एक ओळ सिंधुकडून मी तीनदा वाचून घेतली. पक्की झाली ना, म्हणजे काय, ते मला कळतं.

आता तू दवाखान्यात होतीस ते दिवस काढते. बाराव्या वर्षी तुला तो मानेचा ताप, डॉक्टर मेंदूज्वर म्हणतात तो, आला होता, आपण वाचलो म्हटलं. या शिमग्याला तोच पुन्हा आला. एकाच पोरीला दोनदा कसा, म्हणून डॉक्टरीणबाईंनी तुझं रक्त बर्फात घालून मुंबईला पाठवलं. कागद आला तेव्हा तू उशीला टेकून बसली होतीस. आता मोठी रक्त तपासणारी होणार ना तू, म्हणून मला शिकवायला लागलीस. म्हणालीस, आज्जी, रक्तात पांढऱ्या पेशी असतात, त्या गावच्या जागल्यासारख्या फिरतात, परका जंतू दिसला की गिळून टाकतात. मी म्हटलं, मग तुझे जागले काय झोपले होते? तू हसलीस. म्हणालीस, ते जागेच होते, पण सगळं काम त्यांचं नाही. रक्ताच्या पाण्यात आणखी कितीतरी जणी असतात, पूरक म्हणतात त्यांना. एरवी गप्प असतात. जंतू आला की पहिली दुसरीला उठवते, दुसरी तिसरीला. त्यातल्या काही जणी जंतूला खूण करतात, मेंढीच्या पाठीवर गेरू लावावा तशी, म्हणजे जागल्यांना तो धरायला सोपा जातो. आणि शेवटच्या काही जणी मिळून जंतूच्या अंगाला गोल भोक पाडतात. पाणी आत शिरतं, तो फुगतो आणि फुटतो. मी म्हटलं, या दुष्काळात पाण्यानं मरणारा तेवढा एकच म्हणायचा.

मग तू पाझर तलावाची गोष्ट काढलीस, म्हणून मला समजलं. पाट्यांची रांग असते, हातातून हातात. मधली एक बाई आली नाही तर तिच्या अलीकडचीच्या हातात पाटी तशीच राहते, आणि पलीकडच्या रिकाम्या उभ्या. बहात्तरच्या दुष्काळात मी त्या रांगेत उभी होते, मला ते सांगायला नको. तुझ्या रक्तातली शेवटाकडची एक बाई जन्मापासून कामावर आलेलीच नाही. बाकीच्या जंतूंना जागले बघून घेतात, पण हा मानेचा जंतू त्या भोकाशिवाय मरत नाही. माणसांच्या घशात तो असाच बसलेला असतो, गर्दीत खोकल्याबरोबर इकडून तिकडं जातो, पुष्कळांना काहीच करत नाही. ज्यांची रांग तुटलेली, त्यांना मात्र वयात येताना गाठतो. वयात येताना, असं तू म्हणालीस तेव्हा मी पदराचं टोक तोंडात धरलं. तुला वाटलं म्हातारी हसू दाबते.

त्याच दिवशी डॉक्टरीणबाई आल्या. केवळाबाई माझ्या शेजारी बसून तुझ्यासाठी मोसंबी सोलत होती. बाईंनी कागद काढला नि मला विचारलं, आजी, तुमच्या घरात असा ताप येऊन, मान ताठ होऊन, कोणी गेलंय का? असेल तर बाकीच्या भावंडांचंही रक्त पाठवू, ही उणीव घरात असते. एक सुई असते, मुंबईहून मागवू, आधीच दिली तर बचाव होतो. मोसंबी सोलणारे हात थांबले होते. एवढं तरी मी म्हणते तसंच लिही गं सिंधु, शुद्ध करू नको. म्या म्हणलं, न्हाई बाई, आमच्या घरातले समदे म्हातारे होऊन मेले. 'म्या' असंच राहू दे. डॉक्टरीणबाई हसल्या. कागदावर काहीतरी लिहून त्यांनी कागद मिटला. केवळाबाईनं उरलेली मोसंबी सोलली नि एक फोड मलाही दिली. म्या खाल्ली.

तुला ज्ञानोबा काका नि पारूआत्या ऊन लागून गेले असं माहीत आहे. तुझ्या बापालाही तेवढंच माहीत आहे, दोन्ही वेळेला तो पाटलाकडं सालानं राहिला होता. ज्ञानोबा माझा थोरला. रझाकार गेले, त्यानंतरच्या तिसऱ्या उन्हाळ्यात, पंधरा वर्षांचा असताना. सकाळी म्हैस घेऊन गेला, दुपारी ओकत परत आला. दिवस मावळायच्या आत त्याची मान मागं गेली, डोकं नि टाचा तेवढ्या घोंगडीला टेकलेल्या. अंगावर जांभळं चिरडल्यासारखे डाग. तो म्हणाला, माय, उजेड झाक. मी दार लावलं तरी म्हणत राहिला. लोक म्हणाले, मरीआईचा कोप. कोंबडं कापलं. पारू मागून गेली, तशीच; सतराची होती, सासरहून आली होती. तोवर तुझ्या आजोबांनी धम्म घेतला होता, देव नदीत सोडले होते. मला तेव्हा कोणाच्या नावानं ओरडावं तेही कळेना, कोप करायला घरात देवच नव्हता. म्हणून मी उन्हाच्या नावावर घातलं. ऊन काही उलटून बोलत नाही.

तू सांगितलंस, आईकडून एक नि बापाकडून एक, असं दोन्हीकडून आलं तरच ती बाई कामावर येत नाही. तेव्हा दवाखान्यात मी मनात मोजत होते. माझं लग्न माझ्या सख्ख्या मामाशी झालं. आपल्याकडं मामाचा हक्क पहिला. आणि तुझी आई माझ्या भावाची लेक. परक्या पोरीच्या हातची भाकरी मला गोड लागायची नाही, म्हणून मीच हट्टानं तिला आणली. तुझ्या बापाला कोणी विचारलंही नाही. पंचे, दोन्हीकडं मीच उभी आहे गं. आणि तुझ्यानंतर या घरात आणखी एक पोर वयात येते आहे.

सिंधुचा पेन थांबलाय. थांबू नको बाई, हेही लिही. चार दिवसांपूर्वी ती तलावावरून डोकं धरून आली. तूच सांगितलं होतंस, मान वाकते का ते बघायचं. मी म्हटलं, ये, उवा बघते, हनुवटी छातीला लाव. तिनं लावली. टेकली. उन्हाचंच दुखणं होतं, भाकरी खाऊन झोपली नि उठली. पण मी तिच्या केसांत तोंड घालून किती वेळ तशीच बसले, तिला कळलं नाही. तेव्हापासून रोज सकाळी तिला समोर बसवते. हिच्या डोक्यात एक ऊ नाही, त्याही दुष्काळात गाव सोडून गेल्या. ही आईला म्हणते, आज्जीला उवांचं वेड लागलंय. रोज हनुवटी टेकेपर्यंत मी तिला उठू देत नाही. आणि टेकली तरी काय? ज्ञानोबाचीही त्या सकाळी टेकली असती. मी बघून काही अडवत नाही, माझ्याच भीतीला रोज एक दिवस पुढं ढकलते. अडवणारी सुई मुंबईला आहे, नि ती येत नाही, कारण मी खोटं बोलले.

आता का लिहवलं ते सांगते. हे पत्र पोस्टात पडायचं नाही. उद्या मुदखेडहून सकाळच्या गाडीनं मी नि सिंधु नांदेडला येतो आहोत, पत्र मीच तुझ्या हातात देईन. तुझ्या आईबापाला आज संध्याकाळी सांगते. डॉक्टरीणबाईंच्या कागदावर दोन नावं घालायला लाव, ज्ञानोबा पंधरा, पारू सतरा, नि सिंधुचं रक्त काढायला सांग. केवळाबाईलाही मीच सांगणार. तिनं सोयरीक मोडली तर माझ्या नावानं मोडू दे, तुझ्या नाही. तू मला काय म्हणायचं ते म्हण, मी ऐकून घेईन. मग तोंडानंच सांगायचं होतं तर कागद कशाला खराब केला, असं म्हणशील. तुझ्यासाठी नाही केला गं. मला हे सिंधुला सांगायचं होतं, नि तिच्या डोळ्यांत बघून माझ्यानं झालं नसतं. लिहिताना माणूस कागदाकडं बघतं. चार दिवस विचार करून मला एवढीच वाट सापडली. तिनं अजून वर बघितलेलं नाही. एक अक्षर गाळलं नाही. आता एवढंच विचारते आहे, आज्जी, पारूआत्या दिसायला कशी होती? सांगते म्हटलं, उद्या गाडीत सगळं सांगते.

तुझीच,
धुरपता आज्जी