आमचे मंत्रिमहोदय घरी का झोपत नाहीत

माधव नगर, उज्जैन
बुधवार

ती. सौ. प्रतिभाताईस विनायकाचा उज्जैनहून साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे सध्या पाचच अंगं टेकतात, उरलेली तीन मनाने टेकली असं समज).

भाऊजींचा गुडघा कसा आहे? नागपूरच्या उन्हात फिरायला जातात की अजून वर्तमानपत्रच वाचतात? इकडे आई शहाऐंशीव्या वर्षी खणखणीत आहे. सुलभाची दाढ काढली, त्यामुळे ती दोन दिवस माझ्याशी बोलू शकली नाही. बाकी सर्व कुशल.

तू रविवारी फोनवर म्हणालीस की मंत्री झाल्यापासून गोपाळच्या डोक्यात हवा गेली आहे, नाहीतर धाकटा मुलगा असून आईजवळ एक रात्रही राहत नाही म्हणजे काय! ताई, हे मला लागलं. तेव्हा मी काही बोललो नाही, कारण फोनवर तू बोलतेस. म्हणून लिहितो.

गोपाळची कारकीर्द तुला लांबून पूर्ण ठाऊक नाही. तू लग्न होऊन गेलीस तेव्हा तो हाफपँटीत होता आणि महाराष्ट्र समाजाच्या गणपतीत लाउडस्पीकरवरून हरवलेल्या चपलांच्या घोषणा करत होता. त्या घोषणा लोक थांबून ऐकत (ज्यांच्या चपला पायात होत्या तेही). पुढे समाजाच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर तीन मतांनी निवडून आला. त्यातली दोन आईची आणि माझी, तिसऱ्याचा अजून शोध लागलेला नाही. मग पार्षद (तुमच्याकडचा नगरसेवक). आपल्या वॉर्डात मराठी घरं मोजून चाळीस, तेवढ्यावर कोण निवडून येतो? पण कोणाकडे तेरावं असो, जावळ असो, गोपाळ हजर. एकदा सकाळी तेरावं आणि दुपारी साखरपुडा, दोन्हीकडे जेवला आणि दोन्हीकडे योग्य तो चेहरा करून जेवला. याला मी कर्तृत्व म्हणतो. विधानसभेला दोनदा पडला. दुसऱ्यांदा पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवास गेटला चहाच्या टपरीवर उभा राहून, ज्यांनी मतं दिली नाहीत त्यांनाही नावानिशी नमस्कार करत होता. तिसऱ्यांदा निवडून आला, आणि गेल्या वर्षी पशुपालन खात्याचा मंत्री झाला. कॅबिनेट, ताई, नुसता राज्यमंत्री नव्हे! (आईने विचारलं, गुरं कुठे बांधणार?) शपथविधी मी टीव्हीसमोर उभा राहून पाहिला, बसवेना. आपले अप्पा तहसील कचेरीत मंत्र्यांच्या दौऱ्याला खुर्च्या मांडायचे. त्यांचा मुलगा आता तसल्या खुर्चीवर बसणार. मला रडू आलं, ते मी सुलभाला कांद्यामुळे आलं म्हणून सांगितलं (त्या दिवशी घरात कांदा नव्हता).

आता मुक्कामाचं. उज्जैनचा राजा एकच, महाकाल. दुसऱ्या राजाने इथे रात्र काढली तर त्याची खुर्ची जाते, हे तू लहानपणापासून ऐकलं आहेस. प्रश्न एवढाच की पशुपालन मंत्री राजा होतो का. मंत्री झाल्यावर गोपाळ पहिल्यांदा आला तेव्हा आईने आपल्या खोलीत त्याचं अंथरूण घालून ठेवलं होतं, आणि बाहेर आम्ही चर्चेला बसलो. यज्ञेश्वर गुरुजींनी बराच वेळ डोळे मिटून सांगितलं की मुख्यमंत्री हा पूर्ण राजा आणि मंत्री हा आधा राजा. गोपाळचा सेक्रेटरी अनिकेत म्हणाला, "गुरुजी, आधे राजा की भी कुर्सी तो पूरी ही जाती है." गुरुजींनी पुन्हा डोळे मिटले. गोपाळ साडेपाचलाच निघाला आणि उज्जैन ओलांडून देवासच्या रेस्ट हाउसवर झोपला. अकरा महिने हेच चाललं आहे. येतो, जेवतो, आईच्या पाया पडतो, उन्हं कलली की घड्याळ बघतो. आई दर वेळी अंथरूण घालते आणि तो गेला की आपणच उचलते. तिला त्याचा बंगला नको, गाडी नको. त्याने एक रात्र आपल्याजवळ झोपावं, एवढंच हवं आहे. मला ते बघवत नाही.

म्हणून मी तोडगा काढला. तेहतीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस आहे मी. उज्जैनमध्ये झोपायचं नाही ना, मग उज्जैन संपतं तिथे झोपू दे! माझे शाळेपासूनचे मित्र भय्यासाहेब, त्यांचं शेत देवास रोडवर नगर निगमच्या हद्दीपलीकडे आहे, तिथे दोन खोल्या आहेत. गेल्या शनिवारी आम्ही आई, तिचं अंथरूण, मच्छरदाणी, देवांचा डबा आणि भरल्या वांग्यांचं पातेलं असं सगळं टेम्पोत घालून नेलं. आई ड्रायव्हरशेजारी बसली होती आणि वाटभर हसत होती. सातला गोपाळ आला. तीन गाड्या आणि भोंगा ऐकून भय्यासाहेबांची म्हैस सुटली (पशुपालन मंत्र्यांनी ती स्वतः धरून बांधली, फोटो सोबत जोडला आहे). पानं वाढली. गोपाळने वरणभात कालवला आणि तेवढ्यात त्याचा गनमॅन आत आला.

"सर, निगम सीमा का बोर्ड तो यहाँ से तीन किलोमीटर आगे है. पिछले महीने आप ही ने तो फीता काटा था."

ताई, हद्दवाढ झाली होती! शेत उज्जैनमध्ये आलं होतं. त्या समारंभाला मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या होत्या, आणि तो फोटो फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावला आहे. बोर्डावरची अक्षरं त्यात स्वच्छ दिसतात. मी तो फोटो रोज बघतो, पण गोपाळच्या हातातल्या कात्रीपलीकडे माझी नजर कधी गेलीच नाही.

गोपाळने हात धुतला. आई म्हणाली, "हद्द वाढवायला तुला दुसरं गाव नाही का रे मिळालं?" तो पाया पडून निघाला, आणि गाडीत बसताना त्याने डोळे पुसलेले मी पाहिले. तेव्हा हवा वगैरे काही नाही. चाळीस वर्षं झिजून मिळवलेलं एका रात्रीसाठी पणाला लावायचा धीर होत नाही, इतकंच. मला त्याचा अभिमान आहे आणि तुलाही असावा. भाऊजींना नमस्कार.

तुझा
विनायक
(कॅबिनेट मंत्र्यांचा सख्खा मोठा भाऊ)

ता. क. (शनिवार) : पत्र पोस्टात टाकायचं राहून गेलं ते बरंच झालं. गुरुवारी मंत्रिमंडळात फेरबदल झाला आणि गोपाळचं पद गेलं. सहीखालचा कंस खोडून टाक. उज्जैनमध्ये एक रात्रही न काढता खुर्ची कशी गेली, यावर गुरुजी कालपासून डोळे मिटून बसले आहेत. अभिमानाचं जे लिहिलं आहे ते मात्र खोडू नकोस.

आणखी एक : काल संध्याकाळी गोपाळ ऑटोने एकटाच घरी आला आणि आईच्या खोलीत झोपला. आता सकाळचे साडेनऊ झाले, अजून घोरतो आहे. आई दाराशी बसून आहे, आणि सांत्वनाला येणाऱ्यांना "हळू बोला" म्हणून बाहेरूनच परत पाठवते आहे.

आणि आता खरं काम : आईने आज सुलभाला सांगितलं, शेतावरून परत आल्यावर तिने महाकालाला नवस बोलला होता की माझा गोपाळ एक रात्र घरी झोपू दे. कसं, ते तिने देवावर सोपवलं. नवस सोळा सोमवारच्या कडकडीत उपासांचा आहे, आणि या वयात तिला ते झेपणार नाहीत म्हणून बोलतानाच तिने तुझं नाव घेतलं. पत्र मिळाल्यावर येईल त्या पहिल्या सोमवारपासून सुरू कर. गोपाळला मात्र यातलं काही कळू देऊ नकोस; त्याला अजून वाटतंय की हे सगळं भोपाळहून झालं.