दीड फूट पुढे आलेला कॉलम

देऊळगाव राजा
मंगळवार, संध्याकाळ

कौसाकाकूंचं तोंड डोळ्यांपुढून जात नाही.

त्यांच्या नव्या घराचा नकाशा माझ्याकडे आहे. भाजीचे कॅरेट ठेवायला ओसरी दीड फूट वाढवून द्या म्हणाल्या, म्हणून मी कॉम्प्युटरवर पुढचा कॉलम पुढे सरकवला. प्रोग्रॅममधली, बीमला दोन्ही कॉलमशी बांधून ठेवणारी आपोआप जोडणी चालूच राहिली होती. बीम लांब व्हायचा सोडून त्यानं मागचा कॉलमही दीड फूट पुढे ओढून आणला, थेट खिडकीत. मी फक्त ओसरी पाहिली आणि प्रिंट काढली. मागे का नाही पाहिलं?

आज जागेवर गेले तर मिस्त्रीनं चुन्याची फक्की मारून जमिनीवर आखणी केलेली. खिडकीच्या मधोमध कॉलम! तिथं काकांची खाट लागणार होती. लकवा मारल्यापासून ते पडून आहेत. रस्त्यावरची एसटी दिसावी, एवढंच मागतात.

"काकू, बोलल्या काऊन नाही?"

"कागदावर हाय म्हणल्यावर काय बोलावं माय? म्या त्याईले सांगून टाकलं, खाट दुसऱ्या भिताडाले लावू. ते हो म्हणले."

हो म्हणाले! कोणीच न ठरवलेल्या कॉलमसाठी. दीड फुटासाठी.

ऑफिसात येऊन आधी ती जोडणी बंद केली, मागचा कॉलम परत त्याच्या कोपऱ्यात नेला, मिस्त्रीला कळवलं. मग काकूंना फोन. चूक माझी होती, खिडकी मोकळी झाली, म्हटलं. चुकीबद्दल त्यांनी काही विचारलंच नाही. फोन न ठेवताच घरात ओरडल्या, "अहो, एसटी दिसन!"