शेठचं डाएट

३ जून, सकाळी ६.
शेठ आज पुन्हा फाटकापाशी मागचे पाय टाकून बसला. निदान झालं: आळस. नऊ वर्षांचा कुत्रा, वजन बत्तीस किलो. सौ. म्हणते, डॉक्टरांना दाखवू. कशाला? चाळीस वर्षं वर्कशॉपात माणसांना शिस्त लावली, हा तर कुत्रा. उद्यापासून जेवण एकदाच, रोज तीन किलोमीटर पळणं.

४ जून.
अर्ध्या वाटेत माझा गुडघा धरला. परत. शेठ थरथरत होता. स्नायू जागे होताहेत.

७ जून.
घरात फितुरी! सौ. दर तीन तासांनी त्याला चोरून बिस्किटं चारते. वर मलाच सांगते, खाल्लं की त्याला तरतरी येते, बघा तरी. लाच मिळाली की कोणालाही तरतरी येते. डबा जप्त. माझ्या कपाटात, कुलपात.

८ जून.
डबा तपासला. बिस्किटं सादळली असती. सहा खाल्ली.

९ जून.
पळताना शेठ भर रस्त्यात कोसळला. पाय झाडत होता, तोंडाला फेस. नाटकं, असं म्हणायचं होतं. त्याऐवजी सौ.ला हाक मारली. सौ. अनवाणी धावत आली.

११ जून.
स्वादुपिंडात गाठ. ती इन्सुलिन सोडते, रक्तातली साखर उतरते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उपाशी ठेवणं आणि पळवणं म्हणजे विषच. मग इतके दिवस तगला कसा, त्यांनीच विचारलं. मी म्हणालो, आम्ही थोडं थोडं चारत होतो. बाई म्हणाल्या, शाबास, त्यावरच जगला. शाबासकी मी घेतली. सौ.ने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

१६ जून.
ऑपरेशन झालं. गाठ काढली, पण यकृतावर ठिपके आहेत, म्हणजे ती पसरली आहे. लवकर आणायला हवा होता, असं बाई सौ.ला म्हणाल्या. तिने ऐकून घेतलं. मी बुटाची नाडी बांधत होतो.
आता गोळ्या आणि दर चार तासांनी जेवण. तक्ता मी करणार. वेळ, किती खाल्लं, कोणी दिलं. सहा महिन्यांचा.

२२ जून, सकाळी ८.
वाटी धरली. शेठने तोंड फिरवलं. पुन्हा धरली. उठून लांब जाऊन बसला. बिस्किटाने भुलेल म्हणून कपाट उघडलं. डबा रिकामा. सगळी मीच संपवली होती.
सौ.ने माझ्या हातातली वाटी घेतली. तिच्याकडून सगळं खाल्लं. मला लाज वाटली, हे इथे तरी लिहितो.
'कोणी दिलं' हे रकाने मी सहा महिन्यांचे आधीच माझ्या नावाने भरून ठेवले होते. आता बसून खोडतोय. बाई म्हणाल्या, सहा महिन्यांचे लागणार नाहीत.